कोल्हापुरात शंभर मिळत नाही

पाणी गरम आहे का, या साध्या प्रश्नाला ज्यांनी जन्मात कधी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं उत्तर दिलं नाही, असे अख्ख्या कोल्हापुरात एकच गृहस्थ होऊन गेले, आणि मी त्यांच्या मागच्या खोलीत अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. ‘एकेचाळीस,’ असं ते म्हणत. किंवा, ‘साडेअडतीस, पण खालचं अजून ढवळलं न्हाय.’ इतर लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात, तसा आमचे घरमालक थर्मामीटर लावत. बांबूची एक बारीक नळी त्यांनी स्वतः कोरून घेतली होती, तिच्या बुडाशी कापूस घातला होता, आणि त्या कापसावर तो थर्मामीटर पाळण्यातल्या पोरासारखा निजलेला असे. एका कॉलेजात तीस वर्षं ते प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त होताना त्यांना निरोप समारंभाविषयी विचारलं, तेव्हा त्यांनी हार-तुरे नकोत म्हणून सांगितलं आणि वापरातले दोन थर्मामीटर मागून घेतले. एक खिशात राही, दुसरा कपाटात कुलपात. त्या कपाटात त्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, दागिने नव्हते. ते बाहेर ट्रंकेत असत.

मी शाहूवाडीकडच्या एका खेड्यातला. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला, त्यामुळं माझे वडील चारचौघांत माझी ओळख ‘आमचं बेस्सी’ अशी करून देत. त्या पदवीच्या जोरावर मला कोल्हापुरात एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि खोली शोधत मी यांच्या दारात आलो. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “शिक्षण काय?” मी जरा छाती पुढं काढून बी. एस्सी. म्हणून सांगितलं. त्यांनी अंगणातल्या बादलीकडं बोट दाखवलं, खिशातली नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “बघा किती हाय.”

मी थर्मामीटर बादलीत बुडवला, बाहेर काढला, उजेडात धरला, आणि आकडा दिसेना म्हणून वर दोनदा झटकलासुद्धा. घरमालकांनी डोळे मिटून घेतले.

“डॉक्टर हाय काय तुम्ही?”

“नाही. बी. एस्सी.”

“मग झटकताय कशाला? ताप न्हाय आलेला पाण्याला.”

मला इतकी लाज वाटली की मी खरं काय ते सांगून टाकलं. कॉलेजात आम्हां सहा जणांत एक थर्मामीटर असायचा. शहरातली मुलं पुढं उभी राहत, मी मागं. पुढच्याने सांगितलेला आकडा मी वहीत उतरवत असे. तीन वर्षांत ती कांडी माझ्या हातात किती वेळा आली असेल, ते एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं. हे मी वडिलांना सांगितलं नव्हतं, मित्रांना सांगितलं नव्हतं. घरमालकांनी ऐकून घेतलं. मग आत वळून म्हणाले, “अगं, मागची खोली झाडून घे. मास्तर आल्यात.”

पुढचे आठ दिवस शाळेतून आल्यावर माझी शाळा भरे. पाणी आधी ढवळायचं. वरचं वेगळं असतं, खालचं वेगळं असतं. पाऱ्याचा गोळा पाण्यात पुरता बुडाला पाहिजे, पण भांड्याच्या बुडाला टेकता कामा नये, नाहीतर आपण पाणी सोडून पातेलं मोजत बसतो. मनात साठ अंक मोजायचे. कांडी बाहेर काढायची नाही; पाण्यात असतानाच वाचायची. आणि वाचताना डोळा पाऱ्याच्या कडेशी सरळ रेषेत आणायचा, त्यासाठी गुडघे मोडून खाली वाकायचं. “उभ्यानं बघून हुत न्हाय, मास्तर,” ते म्हणत. “एक अंश उगंच जास्त दिसतोय.” हे वाकणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की पंचगंगेच्या घाटावर ते पायरीवर पालथे पडून नदी वाचत असले, की धुणं धुणाऱ्या बायकांना वाटे, बिचाऱ्याची अंगठी पडली. एकदा दोघी-तिघींनी पदर खोचून खरोखरच अंगठी शोधायला सुरुवात केली. घरमालक शांतपणे म्हणाले, “जरा कडेला व्हा की. तुमच्यामुळं पाणी ढवळतंय.”

कोल्हापुरात दूध पिणारे लोक म्हशीच्या शेजारी उभे राहून पितात. आमचे घरमालकही त्या दूधकट्ट्यावर जात, पण पेला हातात आल्यावर पहिल्यांदा त्यात कांडी जाई. गवळ्याला हे पहिल्या दिवशी मुळीच आवडलं नाही.

“काय बघताय? पाणी न्हाय घातलेलं.”

“पाण्याचं न्हवं. अडतीस हाय.”

“म्हंजे? ताप हाय व्हय म्हशीला?”

“न्हाय. तुमची म्हस ठणठणीत हाय.”

दुसऱ्या दिवशी तो गवळी वाट बघत उभाच होता. “मालक, ह्या दुसरीचं बी बघा की. कालधरनं वैरणीला तोंड लावीना.” महिन्याभरात कट्ट्यावर आमच्या घरमालकांना जनावरांचे डॉक्टर समजून लोक आपापल्या म्हशी दाखवू लागले, तेव्हा त्यांना तिथं जाणं बंद करावं लागलं.

पण त्यांना आपल्या कांडीचा गर्व होता असं कुणी म्हणू नये. शेजारी बाळंतीण होती आणि तिच्या बाळाला न्हाऊ घालायला एक म्हातारी बाई येत असे. ती पाण्यात कोपर बुडवी, क्षणभर थांबे, तांब्याभर गार विसण घाली आणि म्हणे, ‘आणा पोरगं.’ घरमालकांना हे बघवेना. त्यांनी बाळाच्या आईची परवानगी काढून आठ दिवस रोज त्या बाईच्या मागोमाग पाणी मोजलं. आठातले सात दिवस अडतीस. एक दिवस पावणेअडतीस आलं, तर ती बाई आपणहून म्हणाली, “आज जरा गारच झालंय न्हवं?” घरमालक घरी येऊन पायरीवर बसले आणि काकूंना म्हणाले, “त्या बाईच्या कोपरावर निस्त्या रेघा मारायच्या राहिल्यात गं.” त्यानंतर ती बाई रस्त्यानं दिसली की ते सायकलवरून खाली उतरत.

काकूंना संधिवात होता. पाय गुडघ्यापासून खाली सुजत, सकाळी जमिनीवर टेकवत नसत. डॉक्टरांनी गरम पाण्यात पाय सोडून बसायला सांगितलं होतं, दिवसातून तीन वेळा. डॉक्टर बिचारे ‘सोसवेल इतकं गरम’ म्हणून गेले. घरमालकांनी पंधरा दिवस खटपट करून त्याचं बेचाळीस केलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ते बादली भरत, विसण घालत, वाकून वाचत, आणि बेचाळीसच्या रेघेला पारा टेकल्यावरच काकूंचे पाय हातानं उचलून पाण्यात ठेवत. दर पाच मिनिटांनी गरम पाण्याचा अर्धा तांब्या. काकू कंटाळत.

“चटका बसला तर मी सांगीन की. तोंड हाय मला.”

“तू निस्तं ‘बरं हाय’ म्हणतीस. बरं म्हंजे किती?”

“बरं म्हंजे बरं.”

“तेच म्हणतोय मी. वहीत काय लिवू?”

त्यांना मूलबाळ नव्हतं. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मीसुद्धा कितीदा म्हटलं, एक दिवस मी करतो, तुम्ही लग्नाला जाऊन या, गडहिंग्लजला बहिणीकडं राहून या. ते ‘हां’ म्हणत आणि दुपारच्या पाण्याआधीच एसटीनं परत येत. बहिणीच्या हातचं दुपारचं जेवण त्यांना आयुष्यात कधी मिळालं नसावं.

आता शंभराची गोष्ट सांगतो. एका संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी मोठ्यानं वाचून करत होतो. ‘पाणी शंभर अंश तापमानाला उकळते.’ घरमालक दारात येऊन उभे राहिले.

“कुठं?”

“काय कुठं?”

“शंभरला कुठं उकळतंय? माझ्या घरात तर न्हाय उकळत.”

मी हसलो. त्यांनी स्टोव्ह पेटवला. पातेल्यातलं पाणी खदखदायला लागलं, वाफेनं खिडकीची काच धुरकट झाली. मी गुडघ्यांवर बसून वाचलं. अठ्ठ्याण्णव. स्टोव्हला आणखी पंप मारला. अठ्ठ्याण्णवच. मी, विज्ञानाचा पदवीधर, त्या पाऱ्याकडं बघत राहिलो. मग त्यांनी समजावून सांगितलं. आपण समुद्रापासून उंचावर राहतो, इथं डोक्यावर हवेचं ओझं कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. पन्हाळ्यावर स्टोव्ह नेऊन त्यांनी बघितलं होतं, तिथं सत्त्याण्णवलाही पुरं पोचलं नव्हतं. हे सगळं माझ्या पुस्तकात होतं. मी परीक्षेत त्यावर टीपसुद्धा लिहिली होती. पण मी ज्या गावात राहतो त्या गावाला ते लागू आहे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ते सांगितलं, मुलांनी सहामाहीत ‘कोल्हापुरात अठ्ठ्याण्णव’ असं लिहिलं, आणि पेपर तपासणाऱ्या दुसऱ्या सरांनी सगळ्यांचा अर्धा-अर्धा गुण कापला. घरमालक मुख्याध्यापकांच्या टेबलावर स्टोव्ह पेटवायला निघाले होते. काकूंनी त्यांच्या सायकलची किल्ली लपवली म्हणून माझी नोकरी टिकली.

त्या रात्री नाही, पण नंतर केव्हातरी पायरीवर बसलेले असताना ते मला म्हणाले, “शून्य मी दरसाल बघतो, मास्तर. बर्फाच्या कारखान्यातनं लादी आणतो, फोडतो, त्यात कांडी ठेवतो. पारा बरोबर शून्यावर येऊन बसतोय. डोळ्यांनी बघतो. पर शंभर न्हाय बघितलं कधी. कोल्हापुरात शंभर मिळत न्हाय. तीस वर्षं हाताळली ही कांडी, अर्धीच वळखीची हाय.”

“पुस्तकात तक्ता असतो की,” मी म्हणालो. “अठ्ठ्याण्णवमध्ये उंचीची दुरुस्ती केली की शंभर येतं.”

“येतं. पर तक्ता म्हंजे दुसऱ्यानं बघितलेलं.”

समुद्र काही विलायतेत नव्हता. गगनबावड्यावरून घाट उतरला की कोकण. सकाळच्या एसटीनं जाऊन मुक्काम केला तर दुसऱ्या दिवशी परत येता आलं असतं. दर वर्षी थंडी पडली की ते स्टँडवर जाऊन कोकणच्या गाड्यांच्या वेळा उतरवून आणत. गाड्या बदलल्या की लाल शाईनं दुरुस्ती करत. आणि दर वर्षी तो कागद वहीत राही, कारण मुक्काम करायचा तर काकूंच्या पायांच्या तीन वेळा चुकत होत्या, आणि काकूंना एसटीच्या बाकावर तेवढे तास बसवत नव्हतं. काकू म्हणत, “जावा की एकटं. एका दिसात काय मरत न्हाय मी.” ते म्हणत, “तूबी कुठं बघितलायस समुद्र?” काकूंनी खरंच बघितला नव्हता. मला वाटतं, त्यांना बघायचाही होता, पण आपली हौस नवऱ्याच्या शंभराच्या आड नको म्हणून त्या कधी बोलल्या नाहीत.

असं सात-आठ वर्षं चाललं. तेवढ्यात माझ्या एका चुलतभावाला एका साखर कारखान्यात जीपवर ड्रायव्हर म्हणून काम लागलं. एका रविवारी साहेबांना जीप नको होती आणि त्यांनी संध्याकाळच्या आत जीप परत आणायच्या बोलीवर ती नेऊ दिली. घरमालकांना मी एव्हाना काका म्हणू लागलो होतो; त्यांना हे सांगितलं. कपाटाचं कुलूप उघडून त्यांनी दुसरा थर्मामीटर काढला, पुसला आणि न्यायच्या सामानात ठेवला. पहाटे मागच्या सीटवर गाद्या घालून काकूंना आडवं केलं. निघायच्या आधी एकदा पाय शेकून झाले. पायांशी स्टोव्ह, पातेलं, बादली, गार पाण्याची कळशी, वाऱ्याला आडोसा करायला पत्रा, आणि गॅरेजमधून आणलेली बॅटरीच्या शुद्ध पाण्याची एक बाटली. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ते चालणार नव्हतं.

चुलतभावानं सगळं सामान बघून घेतलं. “काका, पाणी तापवायला यवढ्या लांब? कोल्हापुरात रॉकेल मिळंना झालं व्हय?”

“रॉकेल मिळतंय. शंभर मिळत न्हाय.”

“कसलं शंभर?”

“गाडी चालवा तुम्ही.”

कोकणातल्या त्या लहानशा किनाऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. आम्ही दोघांनी काकूंना हाताला धरून वाळूवर नेलं, लाटेचं पाणी पायांना लागेल अशा बेतानं बसवलं. काकूंनी समुद्राकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, “हे सगळं एकच पाणी हाय?” घरमालक हो म्हणाले. चुलतभाऊ चहा मिळतो का बघायला वाडीत गेला. आम्ही जरा वर, कोरड्या वाळूत, पत्र्याच्या आडोशाला स्टोव्ह लावला. बाटलीतलं पाणी पातेल्यात ओतलं. काकांनी थर्मामीटर दोरीनं काठीला बांधून पाण्यात सोडला, बुडाला टेकत नाही हे तीनदा बघितलं, आणि आम्ही दोघं समोरासमोर गुडघ्यांवर बसलो.

ऐंशी. नव्वद. त्यांनी चष्मा पुसला. पंच्याण्णव. सत्त्याण्णव झालं, आणि पाणी अजून नुसतंच सुंसुं करत होतं. कोल्हापुरात एव्हाना ते खदखदायच्या बेताला आलं असतं. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. साठी उलटलेल्या माणसाचा तसा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात खालून काकूंची हाक आली. “अहो.”

भरती लागली होती. आमच्यापैकी कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. एक मोठी लाट काकूंच्या कमरेपर्यंत येऊन गेली होती, त्या उठायला बघत होत्या आणि पायांना उठता येत नव्हतं. घरमालक उठले. “नजर हलवू नका,” मला म्हणाले, आणि वाळूतून धावत गेले.

मी नजर हलवली नाही. साडेसत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णवच्या वर पारा चढताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मागं लाटेचा आवाज आला, काकूंचा आवाज आला, आणखी एक लाट. नव्व्याण्णव. मग पाणी उसळून उकळलं आणि पारा शंभरच्या रेघेला टेकून उभा राहिला. मी ओरडलो, “काका, शंभर.” त्यांनी ऐकलं असणार. ते दोघं पाण्यात होते, काकूंचा सगळा भार त्यांच्या खांद्यावर होता.

ते काकूंना जवळजवळ उचलून वर घेऊन आले. दोघंही चिंब. काकूंचे दात वाजत होते आणि गुडघे आखडून लाकडासारखे झाले होते. पातेलं अजून उकळत होतं. मी म्हणालो, “काका, आधी बघा. शंभरच आहे अजून.” त्यांच्या चष्म्याच्या काचांवरून खारं पाणी ओघळत होतं, पुसायला अंगावर कोरडं काही नव्हतं.

“बादली आणा,” ते म्हणाले.

“काका, एक मिनिट.”

“पाय आखडल्यात तिचे, मास्तर. बादली आणा.”

त्यांनी काठी बाजूला केली, पातेलं उचललं आणि ते पाणी बादलीत ओतलं. कळशीतलं गार पाणी घातलं, हातानं ढवळलं. खिशातली कांडी काढून मला दिली, कारण त्यांना दिसत नव्हतं. मी वाकून वाचलं. बेचाळीस. त्यांनी काकूंचे पाय उचलून पाण्यात ठेवले.

काकू जरा सावरल्यावर घरमालकांनी मला विचारलं, “किती वेळ थांबला हुता?”

“तीन मिनिटं तरी. हलला नाही.”

“कड रेघेवर का रेघेच्या खाली?”

“रेघेवर.”

“बरोबर हाय म्हंजे कांडी,” ते म्हणाले. वही काढली. शंभर लिहिलं, आणि पुढं ‘वाचन घेणार’ या रकान्यात माझं नाव घातलं. मी म्हटलं, तुमचं घाला, काका. त्यांनी मान हलवली. “मी न्हाय बघितलं.” बाटली रिकामी झाली होती, काकूंचं लुगडं ओलं होतं, जीप संध्याकाळच्या आत परत द्यायची होती. घाट चढताना काकू म्हणाल्या, “माझ्यापायी राह्यलं की हो तुमचं.” “राह्यलं कुठं? मास्तरांनी बघितलं की,” ते म्हणाले, आणि काकूंच्या पायांवरची चादर नीट केली.

त्यानंतर तीन वर्षांनी काकू गेल्या. दिवस होऊन गेल्यावर मी एकदा म्हणालो, “काका, आता जाऊ या. आता तुम्हाला मोकळीक आहे.” ते म्हणाले, “मोकळीक हाय म्हणूनच जावंसं वाटंना, मास्तर.” मी पुन्हा विषय काढला नाही. पुढं माझी बदली झाली, आणि एका पत्रातून कळलं की तेही गेले. त्यांच्या वह्या त्यांनी माझ्यासाठी बांधून ठेवल्या होत्या.

मला आज जे काही नीट बघता येतं ते त्यांच्यामुळं, हे मी कुणालाही सांगेन. पण त्या किनाऱ्याविषयी मी आजवर कुणाशी बोललो नाही. मी तेव्हा तिशीतला होतो, पाय धड होते. काकूंची हाक आली तेव्हा मी उठलो असतो तर त्यांच्या आधी पोचलो असतो, आणि ते पातेल्यापाशी राहिले असते. पण त्यांनी नजर हलवू नका म्हणून सांगितलं, आणि मी चांगल्या विद्यार्थ्यासारखा बसून राहिलो. हे त्यांच्याही लक्षात आलं असेलच. इतक्या बारकाईनं बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते सुटणं शक्य नाही. ते एका शब्दानं कधी बोलले नाहीत. वहीत त्या दिवशीच्या ओळीत माझं नाव त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आहे. शंभरची नोंद त्या सगळ्या वह्यांत तेवढी एकच. ते नाव माझं नसतं तर किती बरं झालं असतं, असं मला दर वेळी ते पान उघडलं की वाटतं.